घटक ६ : सत्ता, नट आणि तडजोड

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –

• 'सोंग' आणि 'ढोंग' या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• 'मेफिस्टो' या जर्मन कादंबरीतील नटाच्या नैतिक तडजोडीचे टप्पे सांगता येतील.
• 'घाशीराम कोतवाल' या नाटकातील महत्त्वाकांक्षी माणसाशी त्याची तुलना करता येईल.
• आणीबाणीच्या काळातील कलावंत व साहित्यिकांच्या भूमिकांचे स्वरूप सांगता येईल.
• 'नाइलाज होता' या समर्थनाची भाषिक रूपे ओळखता येतील आणि डहाणू-तलासरी परिसरातील १९४५ च्या लढ्याच्या आधारे ते समर्थन तपासता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण साहित्य आणि समाज यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला. प्रस्तुत घटकात त्या संबंधाची एक विशिष्ट बाजू आपण पाहणार आहोत. सत्ता एकहाती झाली, विरोधाचे सर्व मार्ग तिने बंद केले, तर कलावंताचे काय होते? त्यातही नटाचे काय होते?

नटाचाच विचार वेगळा का करायचा, असा प्रश्न येथे पडू शकतो. कवी आपले हस्तलिखित पेटीत ठेवून वाट पाहू शकतो. चित्रकार घरी चित्रे काढू शकतो. नटाला मात्र रंगमंच, सहकलावंत आणि समोर बसलेला प्रेक्षक हवा असतो. तोही आज हवा असतो. नाट्यगृहाची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याशी नटाला काही ना काही संबंध ठेवावाच लागतो. म्हणून सत्तेशी होणारी तडजोड नटाच्या आयुष्यात सर्वांत उघडपणे दिसते.

तथापि हा प्रश्न नटापुरता मर्यादित नाही. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, व्यवसाय सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. वरिष्ठांचा आदेश आणि स्वतःचे मन यांत ओढाताण होण्याचा अनुभव आपणांस नवा नसेल. या घटकाचे वाचन करताना तो अनुभव बाजूला ठेवू नये.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ सोंग आणि ढोंग

अभिनयासाठी मराठीत असलेल्या जुन्या शब्दांपैकी 'सोंग' हा एक महत्त्वाचा शब्द आहे. पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा भागात बोहाड्याच्या उत्सवात देवदेवतांचे व राक्षसांचे मुखवटे घालून जी पात्रे नाचतात, त्यांना 'सोंगे' असेच म्हणतात. मुखवट्यामागे गावातलाच माणूस आहे हे पाहणाऱ्यास माहीत असते. आपण पाहिले जात आहोत हे नाचणाऱ्यासही माहीत असते. उत्सव संपला की मुखवटा उतरतो आणि तो माणूस पुन्हा आपल्या शेतावर जातो. सोंगात फसवणूक नसते, कारण सोंग हा दोन्ही बाजूंनी मान्य केलेला करार असतो.

'ढोंग' या शब्दात हा करार नाही. ढोंग करणाऱ्यास सत्य ठाऊक असते. समोरच्यास ते ठाऊक नसावे अशी त्याची इच्छा असते. ढोंगाला वेळेची मर्यादाही नसते. ते उतरवून ठेवण्याची ठरलेली जागा नसल्याने ते अंगाला चिकटते.

नटाची नैतिक तडजोड म्हणजे सोंगाचे ढोंगात रूपांतर होणे, अशी तात्पुरती व्याख्या आपण करू या. रंगमंचावर सैतानाचे सोंग घेणे हा नटाचा धर्म आहे. रंगमंचाबाहेर आपण सैतानाचे चाकर नाही असे भासवीत त्याची चाकरी करणे हे ढोंग आहे. या व्याख्येच्या आधारे पुढील साहित्यकृती वाचावयाच्या आहेत.

६.३.२ 'मेफिस्टो' : एकेका पायरीने

'मेफिस्टो' ही क्लाउस मान या जर्मन लेखकाची कादंबरी १९३६ मध्ये ॲमस्टरडॅम येथून प्रकाशित झाली. क्लाउस मान हा ख्यातनाम कादंबरीकार टोमास मान याचा मुलगा. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्याने देश सोडला होता. त्यामुळे जर्मन भाषेतली ही कादंबरी जर्मनीबाहेर छापली गेली.

कादंबरीचा नायक हेन्ड्रिक होफगेन हा हॅम्बुर्गच्या एका नाट्यगृहातील गुणी नट आहे. आरंभी तो डाव्या विचारांचा आहे. कामगारांसाठी क्रांतिकारक रंगभूमी सुरू करण्याच्या गोष्टी तो मित्रांशी सतत करतो; मात्र तिचा पहिला प्रयोग दर वेळी पुढे ढकलला जातो. पुढे बर्लिनमध्ये गटेच्या 'फाउस्ट' नाटकातील मेफिस्टो या सैतानाच्या भूमिकेने तो कीर्तीच्या शिखरावर पोहोचतो. नात्झी सत्तेवर येतात तेव्हा तो परदेशात असतो. परतणे धोक्याचे आहे, असे त्यास वाटते. पण सत्ताधाऱ्यांपैकी एका बड्या नेत्याच्या मर्जीतील नटीकडे त्याच्यासाठी शब्द टाकला जातो आणि तो परत येतो. त्या नेत्यास त्याचा मेफिस्टो आवडतो. लवकरच होफगेन राज्य नाट्यगृहाचा प्रमुख होतो.

या कथानकात 'करारा'चा एकच मोठा क्षण नाही, हे लक्षात घ्या. 'फाउस्ट'च्या कथेत विद्वान फाउस्ट सैतानाशी करार करून आपला आत्मा गहाण टाकतो. तो क्षण ठळक आहे. होफगेनच्या बाबतीत असा क्षण शोधू गेल्यास सापडत नाही. सापडतात त्या पायऱ्या. परत येण्याचा निर्णय ही एक पायरी. जुन्या मित्रांची ओळख सार्वजनिक ठिकाणी न दाखविणे ही दुसरी. पत्नी बार्बारा देशाबाहेर विरोधकांत राहते, तिच्याशी नाते तोडणे ही तिसरी. युलिएटे ही कृष्णवर्णीय नर्तकी त्याची गुप्त मैत्रीण. ती आपल्या पदाला धोका ठरेल असे वाटताच तो तिला तुरुंगात टाकण्याची व मग देशाबाहेर पाठविण्याची व्यवस्था करतो, ही चौथी. ओटो उलरिक्स हा साम्यवादी नट त्याचा जुना मित्र. होफगेन त्याला काम मिळवून देतो आणि त्यातून स्वतःच्या मनाची समजूत घालतो. पुढे ओटोचा छळ करून खून होतो, तेव्हा होफगेन काहीही करू शकत नाही.

प्रत्येक पायरीवर होफगेनकडे एक कारण तयार असते. आपण पदावर राहिलो तरच चांगल्या कलेचे रक्षण होईल, आपण गेलो तर जागेवर वाईट माणूस येईल, आपण केवळ नट आहोत, राजकारण आपले क्षेत्र नव्हे. ही कारणे पूर्णपणे खोटी नाहीत, हेच त्यांचे बळ आहे. त्यांत थोडे सत्य असते म्हणून ती स्वतःलाही पटतात.

६.३.३ कादंबरीबाहेरचे वास्तव

होफगेन हे पात्र गुस्टाफ ग्रुंडगेन्स या प्रत्यक्षातील नटावरून घेतले असल्याचे सर्वत्र मानले गेले. ग्रुंडगेन्स हा क्लाउस मानचा एके काळचा सहकारी आणि बहीण एरिका हिचा पूर्वीचा पती होता. हर्मन गोअरिंगच्या कृपाछत्राखाली तो १९३४ मध्ये बर्लिनच्या राज्य नाट्यगृहाचा प्रमुख झाला. कादंबरीतील पात्रे ही व्यक्तिचित्रे नसून प्रातिनिधिक नमुने आहेत, असे लेखकाने म्हटले होते.

ग्रुंडगेन्स आणि होफगेन यांना सर्वस्वी एक मानणे मात्र योग्य नाही. एर्न्स्ट बुश हा साम्यवादी नट व गायक नात्झींच्या कैदेत असताना त्याचा जीव वाचावा म्हणून ग्रुंडगेन्सने खटपट केली, आणि ती उपयोगी पडली. युद्धानंतर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ग्रुंडगेन्सला स्थानबद्ध केले, तेव्हा बुशने त्याच्या बाजूने साक्ष दिली. म्हणजे 'पदावर राहून काहींना वाचविले' हा युक्तिवाद येथे प्रत्यक्षात खरा आहे. पण त्याच पदामुळे एका खुनशी राजवटीला सुसंस्कृतपणाचा मुखवटा मिळाला, हेही खरे आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. विद्यार्थ्याने यांपैकी एक विधान पुसून निकाल देण्याची घाई करू नये.

ग्रुंडगेन्स युद्धानंतरही पश्चिम जर्मनीतील आघाडीचा नट राहिला. १९६३ मध्ये तो मरण पावल्यावर त्याच्या दत्तकपुत्राने कादंबरीविरुद्ध दावा केला. मृत व्यक्तीच्या प्रतिष्ठेच्या कारणास्तव पश्चिम जर्मनीत प्रकाशनास मनाई झाली आणि १९७१ मध्ये सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने ती कायम ठेवली. अखेर १९८१ मध्ये एका प्रकाशकाने धाडस करून ती तेथे छापली. त्याच वर्षी इस्तवान साबो या हंगेरियन दिग्दर्शकाचा 'मेफिस्टो' हा चित्रपट आला व त्यास परभाषिक चित्रपटासाठीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. या कथेला पुढे एक अनपेक्षित जोड मिळाली. १९५६ च्या उठावानंतरच्या काळात साबो स्वतः हंगेरीच्या गुप्त पोलिसांना सहकाऱ्यांविषयी माहिती देत होता, हे २००६ मध्ये उघड झाले. तडजोडीवर असा चित्रपट करणाऱ्यास तडजोड आतून माहीत होती. त्यामुळे चित्रपटाचे मोल कमी होत नाही; परंतु 'आपण त्या जागी असतो तर असे केले नसते' हे वाक्य उच्चारताना आपण थांबले पाहिजे.

स्वयं-अध्ययनाचे प्रश्न – १
अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'मेफिस्टो' ही कादंबरी कोठून व कोणत्या वर्षी प्रकाशित झाली?
२. सोंग आणि ढोंग यांतील मुख्य भेद कोणता?
आ) योग्य की अयोग्य ते लिहा.
१. होफगेनची तडजोड एका ठळक क्षणी घडते.
२. एर्न्स्ट बुशने ग्रुंडगेन्सच्या बाजूने साक्ष दिली.

६.३.४ 'घाशीराम कोतवाल' : वाकलेली पाठ आणि मानवी भिंत

आता मराठी रंगभूमीकडे वळू. विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुणे येथे झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने तो सादर केला, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे होते. डॉ. मोहन आगाशे यांनी नाना फडणविसाची आणि रमेश टिळेकर यांनी घाशीरामाची भूमिका केली.

कनोजहून पुण्यास आलेला घाशीराम नाटकात प्रथम दिसतो तो नाचगाण्याच्या बैठकीतील साथीदार म्हणून. म्हणजे तोही एक प्रकारचा कलावंतच आहे. नानाचा पाय मुरगळतो, तेव्हा घाशीराम आपली पाठ त्याच्या पायाखाली देतो. सत्तेशी त्याचे नाते या वाकण्यापासून सुरू होते. पुढे चोरीचा खोटा आळ येऊन त्याचा अपमान होतो. सूड घेण्यासाठी त्याला अधिकार हवा असतो, आणि कोतवालीच्या बदल्यात तो आपली मुलगी गौरी नानाच्या हवाली करतो. गौरी मरते. घाशीरामाची क्रूरता वाढत जाते. लोक संतापून नानाच्या दारी येताच नाना त्याच्या मृत्यूच्या हुकुमावर सही करतो आणि स्वतः सुरक्षित राहतो.

होफगेन आणि घाशीराम यांच्यात भेद स्पष्ट आहेत. एकास कीर्ती हवी आहे, दुसऱ्यास सूड. एक शिखरावर असताना कथा संपते, दुसरा ठेचला जातो. तरी एक साम्य फार महत्त्वाचे आहे. दोघांच्याही तडजोडीची किंमत दुसऱ्यानेच मोजली आहे. युलिएटे, ओटो आणि गौरी यांना कोणी विचारले नव्हते.

या नाटकातील मानवी भिंतीकडेही लक्ष द्यावयास हवे. ब्राह्मणांच्या भूमिकेतील नट ओळीने उभे राहून गातात, डोलतात आणि गरजेप्रमाणे पडदा होतात. मागे जे चालले आहे ते ही भिंत झाकते. क्षणभरात तीच भिंत पुन्हा प्रतिष्ठित नागरिक बनते. जुलमाला जुलमी माणसाइतकीच न पाहणाऱ्या सभ्य लोकांचीही गरज असते, हे तेंडुलकर संवादातून न सांगता रचनेतूनच दाखवितात.

या नाटकाच्या नटांपुढे प्रत्यक्षातही एक पेच उभा राहिला. नाटकावर ब्राह्मणांच्या व नानाच्या बदनामीचा आरोप झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबविले. तरुण नटांपुढे सोपा मार्ग होता : संस्थेत राहणे आणि दुसरे नाटक करणे. त्यांनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकादमी ही संस्था स्थापन केली आणि पुढील वर्षी 'घाशीराम' पुन्हा रंगमंचावर आणले. १९८० मध्ये ते नाटक युरोपच्या दौऱ्यावरही गेले. येथे हुकूमशाही नव्हती, तुरुंगाचे भय नव्हते. म्हणून हा दाखला होफगेनच्या पेचाशी समान मानता येणार नाही. पण त्यातून एक गोष्ट शिकता येते. त्या नटांना पर्याय आयता मिळाला नाही, तो त्यांनी एकत्र येऊन तयार केला. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

६.३.५ आणीबाणी : नकार देणारे आणि गप्प राहणारे

२५ जून १९७५ रोजी घोषित झालेली अंतर्गत आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. नात्झी राजवटीशी तिची बरोबरी करणे अनैतिहासिक ठरेल. तथापि वृत्तपत्रांवरील पूर्वपरीक्षण, विनाचौकशी स्थानबद्धता आणि न्यायालयांचे संकोचलेले अधिकार यांमुळे एकाधिकारशाहीचा अनुभव भारतीय कलावंतांना याच काळात आला. त्या काळातील चार दाखले पाहू.

पहिला दाखला कराडचा. डिसेंबर १९७५ मध्ये तेथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. सत्ताधाऱ्यांच्या उपस्थितीत दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा उच्चार केला आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली.

दुसरा दाखला किशोरकुमार यांचा. शासनाच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारास साहाय्य करण्याचे त्यांनी नाकारले. परिणामी १९७६ मध्ये आकाशवाणी व दूरदर्शनवरून त्यांच्या गीतांचे प्रसारण बंद झाले.

तिसरा दाखला स्नेहलता रेड्डी या कन्नड अभिनेत्रीचा. १९७० च्या 'संस्कार' या चित्रपटातील त्यांची भूमिका गाजली होती. आणीबाणीत त्यांना बंगळूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. दम्याचा विकार बळावला आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला.

चौथा दाखला पु. ल. देशपांडे यांचा. एकपात्री प्रयोगांमुळे महाराष्ट्राचा लाडका असलेला हा नट-लेखक १९७७ च्या निवडणुकीत विरोधकांच्या प्रचारसभांत उभा राहिला. ज्या प्रेक्षकांना त्यांनी हसविले होते, त्यांच्यासमोर ते या वेळी कोणतेही सोंग न घेता बोलले.

या चारही व्यक्ती नकार देणाऱ्या आहेत. मग तडजोड करणारे कोठे आहेत? इतिहासात नकाराची नोंद सापडते, कारण नकार ही घटना असते : अटक होते, बंदी येते, भाषण होते. तडजोड बहुधा अभावाच्या रूपाने घडते. एखादे नाटक निवडलेच जात नाही, एखादे वाक्य तालमीतच गळते, एखाद्या पत्रकावर सही राहून जाते. अशा न घडलेल्या गोष्टींचे दप्तर कोणी ठेवीत नाही. म्हणूनच तडजोडीचा अभ्यास करावयाचा तर कादंबरी आणि नाटक यांकडे जावे लागते. मनुष्य स्वतःची समजूत कशी घालतो, हे तेथेच दिसते.

६.३.६ तडजोडीचे व्याकरण

समजूत शब्दांनी घातली जाते. म्हणून भाषेचा विद्यार्थी तडजोड भाषेतही शोधू शकतो. पुढील चार वाक्ये पाहा :

१. मी सही केली.
२. मला सही करावी लागली.
३. सही केली गेली.
४. सही झाली.

चारही वाक्यांतील घटना एकच आहे. पहिल्या वाक्यात कर्ता समोर उभा आहे. दुसऱ्यात तो चतुर्थी विभक्तीत गेला आहे. 'लागणे' या सहायक क्रियापदामुळे कृतीचे मूळ त्याच्या इच्छेत नसून बाहेरच्या सक्तीत आहे, असा अर्थ निघतो. तिसऱ्यात नवीन कर्मणी प्रयोग आहे आणि कर्त्याचा उल्लेखच नाही. चौथ्यात 'होणे' हे क्रियापद आहे : पाऊस झाला तशी सही झाली. होफगेनचा प्रवास हा पहिल्या वाक्याकडून चौथ्या वाक्याकडे होणारा प्रवास आहे, असे म्हणता येईल.

सत्तेचीही स्वतःची भाषा असते. 'अनुशासन पर्व' हा आणीबाणीतील शब्दप्रयोग याचे उत्तम उदाहरण आहे. आचार्य विनोबा भावे मौनात असताना त्यांनी लिहिलेला हा शब्द शासनाने प्रचारासाठी उचलला. महाभारतातील एका पर्वाच्या नावाचे पावित्र्य त्यामुळे आणीबाणीला लाभले. आपल्याला अभिप्रेत होते ते आचार्यांचे अनुशासन, राज्यकर्त्यांचे शासन नव्हे, असा खुलासा विनोबांनी पुढे केला. परंतु तोवर शब्द भिंतींवर रंगला होता. सत्तेला नटाचा चेहरा हवा असतो तसाच प्रतिष्ठितांचा शब्दही हवा असतो.

मात्र एक सावधगिरी घ्यावयास हवी. 'करावे लागले' अशी रचना वापरणारा प्रत्येक जण सबब सांगत असतो असे नाही. सक्ती खरीही असते. वाक्याची रचना पाहून ती खरी की खोटी हे ठरत नाही. त्यासाठी वाक्याबाहेरच्या परिस्थितीकडे जावे लागते.

स्वयं-अध्ययनाचे प्रश्न – २
अ) रिकाम्या जागा भरा.
१. 'सही केली गेली' या वाक्यात ............ प्रयोग आहे.
२. कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष ............ होत्या.
आ) दोन वाक्यांत उत्तर लिहा.
१. तडजोडीची नोंद इतिहासात सहसा का सापडत नाही?

६.३.७ 'पोटासाठी' : डहाणू-तलासरीचा दाखला

'पोटासाठी करावे लागले' हे तडजोडीचे सर्वांत जुने समर्थन आहे. ते कोणास शोभते, हे तपासण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. डहाणू आणि तलासरी या परिसराचा इतिहास पुरेसा आहे.

गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील वारली समाजाची स्थिती त्यात वर्णिली आहे. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. मूळचे मालक कुळे झाले होते आणि वेठीवर राबत होते. लग्नासाठी कर्ज काढणारा माणूस 'लग्नगडी' होऊन पत्नीसह वर्षानुवर्षे धन्याच्या घरी बांधला जाई. येथे जमीनदाराचा शब्द हाच कायदा होता. हुकूमशाही राजधानीतच असते असे नाही. ती एखाद्या पाड्यापुरतीही असू शकते.

या माणसांनी 'वेठीला जावे लागते' असे म्हटले, तर त्यातील 'लागते' अक्षरशः खरे होते. नकाराचा अर्थ मार आणि उपासमार असाच होता. होफगेनने नकार दिला असता तर त्याला परदेशात, कमी प्रकाशात, कदाचित परक्या भाषेत अभिनय करावा लागला असता. हे दुःख लहान नाही. अनेक निर्वासित कलावंतांचे आयुष्य त्यात करपले, आणि स्वतः क्लाउस मानने १९४९ मध्ये आत्महत्या केली. तरीही पोट आणि पद यांत अंतर आहे. पद टिकविण्यासाठी केलेल्या गोष्टीला 'पोटासाठी' म्हणणे म्हणजे गरिबाचा शब्द उसना घेणे होय.

आश्चर्य याचे की ज्यांना हा शब्द खरोखर शोभत होता, त्यांनीच तो सोडून दिला. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभेच्या वतीने वारल्यांची परिषद भरली. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, रोज बारा आणे रोख मजुरीशिवाय धन्याच्या शेतावर काम करायचे नाही, असे तेथे ठरले. लोक घरोघरी गेले आणि लग्नगडी मोकळे झाले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरी लढा थांबला नाही.

या लोकांचे धैर्य जन्मजात इतरांहून अधिक होते, असे मानण्याचे कारण नाही. पिढ्यान्पिढ्या हीच माणसे वेठीवर गेली होती. बदल झाला तो एवढाच की शेजारचा माणूसही नकार देणार आहे, हे प्रत्येकास कळले. एकट्याला जो पर्याय नव्हता, तो परिषदेनंतर निर्माण झाला. थिएटर अकादमीच्या नटांनीही, अर्थात फारच कमी जोखमीच्या परिस्थितीत, हेच केले होते.

या प्रकाशात होफगेनकडे पुन्हा पाहिल्यास त्याची क्रांतिकारक रंगभूमी वारंवार पुढे का ढकलली गेली, याचा अर्थ उलगडतो. ती सुरू झाली असती तर त्याला सोबती मिळाले असते. महत्त्वाकांक्षेला सोबती नको असतात. तिला प्रेक्षक हवे असतात. संकटाचा क्षण आला तेव्हा होफगेन एकटा होता, आणि एकट्या माणसाला 'पर्याय नव्हता' असे वाटणे स्वाभाविक होते. त्याची चूक त्या क्षणाच्या कितीतरी आधी घडली होती.

यावरून 'नाइलाज' हा शब्द तपासण्यासाठी तीन प्रश्न हाती येतात :

१. नकार दिला असता तर काय गेले असते : पोट, की पद?
२. तडजोडीची किंमत कोणी मोजली : करणाऱ्याने, की दुसऱ्याने?
३. पर्याय खरोखर नव्हता, की तो उभा करण्यासाठी सोबत जमविली नव्हती?

हे प्रश्न साहित्यकृतीतील पात्रांना विचारावेत, तसेच स्वतःलाही विचारावेत. उत्तर प्रत्येक वेळी स्पष्ट मिळेलच असे नाही. ग्रुंडगेन्सच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी देता येते, हे आपण पाहिलेच आहे.

६.४ सारांश

नटाची कला रंगमंचावर आणि प्रेक्षकांवर अवलंबून असल्याने सत्तेशी होणारी तडजोड त्याच्या आयुष्यात ठळकपणे दिसते. 'मेफिस्टो'मधील होफगेन एकेका पायरीने सोंगाकडून ढोंगाकडे जातो. 'घाशीराम कोतवाल'मध्ये सूडासाठी सत्तेपुढे वाकणारा माणूस आणि न पाहणारी सभ्य भिंत या दोन्ही गोष्टी दिसतात. दोन्ही कृतींत तडजोडीची किंमत दुसरेच मोजतात. आणीबाणीतील नकारांची नोंद झाली; तडजोडींची नोंद मात्र साहित्यातून शोधावी लागते. 'करावे लागले' ही भाषा खरीही असते आणि सबबही असते. डहाणू-तलासरीतील वारल्यांच्या १९४५ च्या लढ्याशी ताडून पाहता पोट आणि पद यांतील भेद स्पष्ट होतो आणि पर्याय सोबतीने निर्माण होतो हे लक्षात येते.

६.५ पारिभाषिक शब्द

तडजोड : परस्परविरोधी गोष्टींत केलेला समझोता, येथे मूल्याचा त्याग करून सत्तेशी केलेला समझोता.
पूर्वपरीक्षण : प्रकाशनापूर्वी किंवा प्रयोगापूर्वी शासनाकडून होणारी मजकुराची तपासणी.
वेठ : मोबदला न देता सक्तीने करवून घेतलेले काम.
लग्नगडी : लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी धन्याकडे बांधला गेलेला मजूर.
मानवी भिंत : नटांच्या रांगेने रंगमंचावर साकारलेला पडदा.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) १. ॲमस्टरडॅम येथून, १९३६ मध्ये. २. सोंग पाहणाऱ्यास व करणाऱ्यास दोघांस माहीत असते. ढोंग फक्त करणाऱ्यास माहीत असते. आ) १. अयोग्य. २. योग्य.
प्रश्न २ : अ) १. नवीन कर्मणी. २. दुर्गा भागवत. आ) १. तडजोड बहुधा काहीतरी न करण्याच्या रूपाने घडते. न घडलेल्या गोष्टींची नोंद कोणी ठेवीत नाही.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. होफगेन आणि घाशीराम यांच्या तडजोडींतील साम्य व भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'पदावर राहून काहींना वाचविता येते' या युक्तिवादाचे ग्रुंडगेन्सच्या संदर्भात मूल्यमापन करा. दोन्ही बाजू मांडा.
३. 'घाशीराम कोतवाल'मधील मानवी भिंतीचे नाट्यात्म कार्य विशद करा.
४. टीप लिहा : तडजोडीचे व्याकरण.

६.८ क्षेत्रीय कार्य

१. आपल्या परिसरातील बोहाडा, तारपा नृत्य किंवा अन्य लोकप्रयोगांतील एखाद्या ज्येष्ठ कलावंतास भेटून 'सोंग' या शब्दाचा त्यांच्या बोलीतील अर्थ व उपयोग नोंदवा. वारली बोलीतील शब्द जसे ऐकू आले तसेच लिहा.
२. वेठीच्या काळाविषयी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणी असल्यास एक आठवण त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. निवेदनातील क्रियापदांची रूपे अधोरेखित करा आणि कर्ता कोठे उघड आहे व कोठे नाहीसा झाला आहे, ते पाहा. अनुमतीशिवाय कोणाचेही नाव लिहू नये.
३. एका आठवड्यातील वृत्तपत्रांतून कर्त्याचा उल्लेख नसलेली दहा वाक्ये निवडा. प्रत्येक वाक्यात कर्ता घालून ते पुन्हा लिहा आणि अर्थात काय फरक पडतो, ते थोडक्यात सांगा.